म्हशीला सांगितलेलं

नामांतराच्या वर्षांत परभणीचं आमचं कॉलेज कधी चालू, कधी बंद. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ते असंच बंद पडलं आणि मी पोखर्णीच्या एसटीनं गावी निघाले. डोक्यात एक इंग्रजी क्रियापद होतं, वंडर. डिक्शनरीत अर्थ दिलेला, 'आश्चर्य वाटणे'. पण धड्यातली बाई खिडकीत बसून 'आय वंडर' म्हणायची ती उद्या पाऊस येईल का, असल्या साध्या गोष्टीवर. त्यात कसलं आलंय आश्चर्य? बाहेर कापसाची पांढरी रानं मागं सरकत होती आणि मी अर्धवट झोपेत तो शब्द घोळवत होते.

घरी वेगळंच शिजत होतं. गंगाखेडचं स्थळ आलं होतं. त्यांना येत्या उन्हाळ्यातच लग्न पाहिजे होतं. म्हणजे माझं तिसरं वर्ष गेलंच.

आमच्याकडं नवराबायको थोरल्यांसमोर एकमेकांशी थेट बोलत नसत. दादांना सांगायचं ते आई म्हशीला सांगायची. त्या दिवशी ऊन कलल्यावर ती धार काढायला बसली. ओसरीवर आजोबा टेकलेले, शेजारी दादा दोर वळत होते. चरवीत धारेचा आवाज एका लयीत चाललेला, तिरप्या उन्हात भुशाचे कण तरंगत होते.

"म्हशे," आई म्हणाली, "पोरीचं अजून एक वरीस राह्यलंय. पाव्हणे तेवढं थांबतील का न्हाई, कुणास ठावं."

धार थांबली नाही.

"आपल्या घरात कुणी बीए झालं तर कसं दिसंल, काय की."

मी खांबाला टेकून ऐकत होते. वंडर म्हणजे हे! विचारायचं, पण कुणालाच नाही. मनातलं नुसतं हवेवर सोडायचं. कुणाच्या कानावर जाऊन बसायचं ते बसू द्यायचं.

आजोबा हसले. "म्हस लय शिकलेली दिसायलीय रे."

दादांनी दोरावरची नजर उचलली नाही. "म्हशीला म्हणावं, उद्या मी गंगाखेडला जायलोय. वरीसभर थांबा म्हणतो. न्हाई थांबले तर त्यांची मर्जी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दादा परत आले. आजोबा ओसरीवरच होते. तरी दादा उंबऱ्यापाशी थांबून थेट आईलाच म्हणाले, "न्हाई थांबत म्हणले. तू पोरीची परभणीची पिशवी भरून ठेव."

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.