पानाताई आणि डोंगरवस्तीचा ट्रक

तिला सगळे पानाताई म्हणायचे. लग्नाच्या जेवणात असो की दवाखान्याच्या रांगेत, तिच्या पर्समध्ये एक छोटा पाना हटकून असायचा, त्यावरून पडलेलं नाव. वडिलांचं गॅरेज आता तीच चालवायची. तोंडानं फटकळ, हातानं सफाईदार.

मागच्या शेडमध्ये बाबांचा जुना ट्रक उभा होता. चारही चाकांना जोर मिळणारा, ठेंगणाठुसका. डोंगरावरच्या वस्तीची वाट इतकी खडी, की तिथे दुसरी गाडी फिरकायची नाही. पीठ, सिमेंट, आजारी माणसं, एकदा तर अख्खं वऱ्हाड बाबांनी त्याच ट्रकमधून वर नेलं होतं. मग एका चढावर इंजिनाचा ब्लॉक, त्याचा मुख्य सांगाडाच, तडकला. सुटे भाग कुठेच मिळेनात. वस्तीतली माणसं पाठीवर पोती वाहू लागली, आणि बाबा शेडकडे पाठ करून बसू लागले.

ते पाठ करून बसणं पानाताईला बघवेना. भंगारवाला ट्रक मागायला आला, तर तिनं त्याला फाटकातूनच वाटेला लावलं. पुढच्याच आठवड्यात तिनं उलटलेल्या एका नव्या व्हॅनचं इंजिन विकत आणलं. सोबत गिअरबॉक्स, सगळं वायरिंग, अगदी किल्लीसुद्धा.

बाबांनी नाक मुरडलं. "याला कॉम्प्युटर आहे म्हणे. माझ्या ट्रकला कधी डोकं लागलं नाही."

"म्हणून तर तो तुमचं खायचा!" पानाताई म्हणाली.

पण काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब. त्याच्यामागे, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा जुन्या ट्रकचा डबा जोडायचा, तर दोघांची भोकं जुळेनात. शेजारीच तिच्या नवऱ्याचं लेथचं वर्कशॉप होतं. त्यानं दोघांच्या मध्ये बसणारी जाड प्लेट कातून दिली. ती बसवून पानाताईनं कडेनं बोट फिरवलं आणि मान हलवली.

"अहो, केसभर सरकलीय. असं फिरलं तर बेअरिंग खाऊन टाकेल."

"अगं, मला पसंत करताना एवढं पारखलं नव्हतंस!"

"तेव्हा घाई झाली," ती म्हणाली. त्यानं हसत हसत नवी प्लेट कातायला घेतली.

ती मात्र अशी बसली, की मध्ये कागद शिरेना. डबा मागे सरकला म्हणून चाकांकडे जाणारा पुढचा शाफ्ट लांब करून घेतला, मागचा आखूड. व्हॅनचं वायरिंग तिनं एकेक तार ओळखत ट्रकमध्ये ओढलं. सेल्फ मारला आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. इतक्या हळू आवाजात, की नवऱ्यानं बॉनेटवर कान टेकवला.

बाबा उठून आले. बराच वेळ ट्रकभोवती फिरले, मग वाकून खाली पाहिलं.

"पुढच्या डाव्या चाकाखाली मोठा दगड घाल. आणि मागे पोती भर."

"कशाला?"

"वाट काय अशी सपाट आहे?"

तिनं दगड घातला. चाक वर गेलं, स्प्रिंगचे पाटे दबले, आणि पुढच्या एक्सलचा गोळा इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला टणकन लागला. पहिल्याच खड्ड्यात चेंबर फुटलं असतं. पानाताईनं इंजिन पुन्हा उतरवलं, चेंबर कापलं, त्याचा खोल भाग मागे घेऊन वेल्डिंग केलं, तेल ओढणारी नळीही वळवली. पुन्हा दगड, पुन्हा पोती. या वेळी मध्ये तिचा पंजा आरामात मावला.

"आता ने," बाबा म्हणाले.

"तुम्ही चालवा ना."

"इंजिन तू बसवलंस, तूच चालव. मी बसतो शेजारी."

पिठाची पोती भरून ट्रक निघाला. जिथे ब्लॉक तडकला होता, त्या चढावर पानाताईनं स्टिअरिंग घट्ट धरलं. तिनं लहान गिअर टाकला. चाकं दगड चावत वर सरकली, इंजिनाचा सूर जरासुद्धा पडला नाही. बाबांनी खिडकीच्या दांडीला धरलेला हात सोडला आणि मांडीवर ठेवला. हे तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

वर वस्ती दारादारांतून बाहेर आली. एक म्हातारी टायरवर थाप मारत म्हणाली, "काय हो ड्रायव्हर, कुठल्या मोठ्या कंपनीत नेला होता हा?"

बाबांनी स्वतः बॉनेट उघडलं, एकेकाला जवळ बोलावलं आणि ते इंजिन दाखवत म्हणाले, "कंपनी कसली! माझ्या लेकीनं आमच्या शेडमध्ये बसवलंय. जावयानं प्लेट कातलीय. बघा, हात लावून बघा!"

पानाताई पोतं उतरवायच्या निमित्तानं ट्रकच्या मागे गेली. ऊर असा भरून आला होता, की तिला पोतं हलकंच वाटलं.

आता ट्रक आठवड्यातून दोनदा वर जातो. दूरदूरचे लोक आपले जुने ट्रक घेऊन तिच्या फाटकात उभे राहतात. नवऱ्यानं लेथला दुसरा माणूस ठेवलाय. आणि बाबा खुर्ची शेडच्या दारात ओढून बसतात, प्रत्येक ट्रकचं चाक दगडावर चढवायला लावतात, त्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.