घासाघीस न करता घेतलेली गाडी

मी आयुष्यात पुष्कळ जणांशी भांडलो आणि बहुतेकांशी चहा पिऊन मिटवलं. एका माणसावरचा राग मात्र मी दोन वर्षं जपून ठेवला, कारण त्यानं माझ्याशी घासाघीस केली नव्हती.

माझा धंदा जुन्या गाड्यांचा. पोलादपूरला हायवेच्या कडेला पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली. आता महाडला माझं स्वतःचं आवार आहे आणि त्यात टेम्पो, ट्रॅक्टर, पिकअप ओळीनं उभे असतात. घेताना गाडीला नावं ठेवायची आणि विकताना तिचंच कौतुक करायचं, हे मला झोपेतही जमतं. पंक्चरच्या दिवसांत एकदा दोन सीटची, उघडी, लाल विलायती गाडी माझ्यासमोरून गोव्याकडे गेली होती. तिचा आवाज डोक्यातून गेला नाही. म्हणून दादरला एका निवृत्त गृहस्थांकडे तशीच जुनी स्पोर्ट्स कार विकायला आहे असं कळलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून गेलो.

बॉनेट उघडलं आणि दहा मिनिटं मी नुसता बघत राहिलो. मग भानावर येऊन आकडा सांगितला, मुद्दाम निम्म्याच्याही खालचा. आता हे उसळणार, मी दारापर्यंत जाणार, हे हाक मारणार, मी गंजाकडे बोट दाखवणार, असं सगळं मनात तयार होतं.

गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे."

बस्स. चावी माझ्या हातात आली आणि भांडण घशातच राहिलं. इतक्या स्वस्तात कोणी एका शब्दावर हो म्हणतो का? नक्कीच काहीतरी खोट आहे. महाडपर्यंत गाडी मजेत आली, तरी मी वाटभर खोट शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रीकडे नेली. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. मार्चात तळ्यावर माणसं लोटतात ते दोन दिवस तो शटर ओढून येणाऱ्यांना ताक वाटतो. बाकी वर्षभर तालुक्यातल्या गाड्यांचं ॲव्हरेज वाढवून देतो. त्यासाठीच त्याचं नाव आहे. मी म्हटलं, "फार पिते रे ही. लिटरला आठ म्हणजे काय? ॲव्हरेज काढून दे."

"शेठ, ही शोकीन गाडी हाय. हिला कशाला ॲव्हरेज?"

"मी सांगतो ते कर."

त्यानं दोन्ही कार्बोरेटर आवळले आणि आठाची तेरा करून दिली. मी गॅरेजात पेढे वाटले.

पहिल्याच रविवारी बायकोला शेजारी बसवून खेडला, तिच्या माहेरी निघालो. आता बोगदा झालाय, पण बोगद्यातून जायला ही काय मालाची गाडी आहे? मुद्दाम कशेडीचा जुना घाट धरला. ट्रक सगळे बोगद्यानं जातात, त्यामुळे रस्ता मोकळा. तिसऱ्या वळणावर, जिथे जुन्या दरडीची माती अजून कडेला पडलीय, तिथे काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

बायको खाली उतरून दगडावर बसली. म्हणाली, "माहेरी निरोप देऊ का, चहाचं पाणी आम्ही इथंच ठेवलंय म्हणून?"

त्या दिवसापासून गाडीचं नाव किटली पडलं. दासगावच्या सपाट रस्त्यावर, सकाळच्या गार हवेत ती गुणी पोरीसारखी पळायची. घाट लागला की उकळायची. मेस्त्रीनं रेडिएटर साफ केला, पंखा मोठा बसवला, थर्मोस्टॅट काढून टाकला. शेवटी म्हणाला, "शेठ, दोष पेट्रोलचा. आता त्याच्यात इथेनॉल असतं. जुन्या गाडीला त्ये पचत नाय." मग मी पंप बदलले. माणगावपासून पोलादपूरपर्यंत एक पंप सोडला नाही. महागातलं पेट्रोल घातलं, पेट्रोलच्या पायपाला ओलं गोणपाट गुंडाळलं. वळण तेच, वाफ तीच. दोन वर्षांत ही गाडी घेऊन मी एकदाही सासरी पोचलो नाही, आणि प्रत्येक वेळी त्या वळणावर मला दादरचं ते "ठीक आहे" ऐकू यायचं. माझी खात्रीच झाली होती. त्या माणसानं मला फसवलं, आणि तेही तोंडातून दोन शब्द काढून.

या एप्रिलात पुन्हा वाफ निघाली तेव्हा मी तिथूनच फोन लावला.

"तुम्ही मला किटली विकलीत!"

"कोण बोलतंय?"

"महाड!"

"अच्छा, लाल गाडी. का हो, उकळते का?"

"उकळते का काय विचारता? तुम्हाला माहीत होतं!"

"नाही हो, माझ्याकडे कधी उकळली नाही. मी येऊ का बघायला?"

पुन्हा तेच. मी भांडायला उभा आणि समोर भांडायला कोणी नाही.

चार दिवसांनी ते एसटीनं आले. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, कापडी पिशवीत नट फिरवायचे तीन पाने आणि एक जुना टॉवेल. गॅरेजात त्यांनी गाडीच्या पुढच्या चाकावर हात ठेवला आणि टॉवेलनं बॉनेटवरची धूळ पुसली. मग विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"तेरा!" मेस्त्री छाती काढून म्हणाला.

"आमच्याकडे आठाच्या वर कधी गेली नाही."

"मग? सुधारली ना?" मी म्हटलं.

"प्लग काढा बघू."

प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं होतं. ते त्यांनी माझ्या नाकापुढे धरलं. "हे बिस्किटाच्या रंगाचं पाहिजे. तुम्ही हिला उपाशी ठेवलीय. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन तापतं. सपाटीवर चालून जातं, चढावर नाही. आणि इथेनॉलच्या पेट्रोलला तर कार्बोरेटरमधून नेहमीपेक्षा थोडं जास्तच सोडावं लागतं. तुम्ही उलट आवळलंत."

मी मेस्त्रीकडे वळलो. "ऐकलंस? काय करून ठेवलंस?"

"मी? तुमीच म्हनलात, सांगतो ते कर! आनि तेरा आलं तवा पेढे कोनी वाटले?"

पकडला गेलो की मी आवाज चढवतो, तसा चढवला. "ते काही नाही! उद्या कशेडी चढायची. चढली तर यांची माफी मागेन. उकळली तर गाडी यांची, यांनी परत न्यायची."

"ठीक आहे," गृहस्थ म्हणाले. मला वाटलं, मेस्त्रीचा पाना उचलून रस्त्यावर फेकावा.

त्यांनी कार्बोरेटरचे नट खाली उतरवून पेट्रोल वाढवलं, थर्मोस्टॅट परत बसवून घेतला, इंजिन चालू करून कान लावला, पुन्हा केसभर फिरवलं. गाडीचा आवाज बदलला. दोन वर्षं ती चिडून बोलत होती, आता खालच्या पट्टीत गुणगुणायला लागली. मी हे कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाचं ऊन चढल्यावर निघालो. गाडी मी चालवत होतो, शेजारी गृहस्थ. मागून मेस्त्री पिकअप घेऊन, त्यात पाण्याचे सहा कॅन आणि त्याच्या शेजारी माझी बायको. तिनं माहेरी नेण्यासाठी घावण्यांचा डबा घेतला होता. इतका विश्वास तिनं लग्नात माझ्यावरही दाखवला नव्हता.

पोलादपूर मागे पडलं. घाट सुरू झाला. मी रस्ता कमी आणि काटा जास्त बघत होतो. गृहस्थ म्हणाले, "समोर बघा, काटा मी बघतो." पहिलं वळण, दुसरं वळण. काटा अर्ध्यावर. तिसऱ्या वळणाच्या आधी तो हळूच पुढे सरकला आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला. ही गाडी आता माझ्या हातून जाणार. तिला किटली म्हणा, डबडं म्हणा, मला ती द्यायची नव्हती. हे मला तिथे, त्या मातीच्या ढिगापाशी कळलं.

"गिअर उतरवा. घाबरून सोडू नका, पाय ठेवा," ते म्हणाले.

मी पाय ठेवला. गाडीनं हुंकार दिला आणि वळण चढली. काटा जिथे होता तिथेच थांबला. चौथं, पाचवं, पुढे मी मोजायचं सोडून दिलं आणि मोठ्यानं ओरडायला लागलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. गृहस्थ टोपी मांडीवर दाबून हसत होते. मागून मेस्त्री हॉर्न वाजवतोय, थांबायचं नाव नाही.

माथ्यावर चहाची एक टपरी अजून टिकून आहे. तिथे उतरलो. मी माफी मागितली, माझ्या पद्धतीनं: "चूक माझी. पण तुमचीही आहे. माणूस एका शब्दावर हो म्हणतो, तेव्हा संशय येणारच!"

ते चहाच्या ग्लासात बघत म्हणाले, "भाव करायचं खातं आमच्या हिचं होतं हो. भाजीवाला घाबरायचा तिला. ती गेली, आणि मला कोणी काही सांगितलं की मी हो म्हणतो. शिवाय सगळे यायचे ते आधी ॲव्हरेज विचारायचे. तुम्ही बॉनेट उघडून नुसते बघत राहिलात. मला वाटलं, हाच माणूस."

माझी बायको बाकड्यावर त्यांच्या बाजूला जाऊन बसली. "काका, तुमच्या वतीनं आता मी बोलते. अहो, ऐका. निम्म्यात गाडी घेतलीत. उरलेल्याचं काय?"

"तू कोणाच्या बाजूनं?"

"काकांच्या. वर्षातून चार वेळा काका येणार आणि गाडी चालवणार."

"एकदा."

"तीनदा, आणि पेट्रोल तुमचं."

"आठाच्या ॲव्हरेजनं? वेड लागलंय तुला! एकदा, आणि अर्धं पेट्रोल."

"चला काका, उठा," ती म्हणाली आणि खरंच उठली. टपरीवाली मावशी, मेस्त्री, कोणीतरी अनोळखी दुचाकीवाला, सगळे तिच्या बाजूनं. मीही उठून तरातरा गाडीपाशी गेलो. कोणीच हाक मारली नाही. उन्हात काय उभा राहणार? परत आलो. तेवढ्यात गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "दोनदा. पेट्रोल तुमचं. आणि दुपारचं जेवण."

"जेवणात काय?" मी ओरडलो.

"मासे."

"सुके!"

"ताजे," ते म्हणाले आणि त्यांनी बाकड्यावर हात आपटला. सगळी टपरी हसली. मी हरलो. इतकं छान भांडण मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

मग अडचण आली. गाडीत सीट दोनच. ठरल्याप्रमाणे पहिली फेरी आजच धरायची, असं बायकोनं जाहीर केलं. म्हणजे चालवणार काका. आणि माहेर तिचं, म्हणून शेजारी ती. डबा मांडीवर घेऊन ती बसलीसुद्धा. मेस्त्रीनं पाण्याचे सहाही कॅन मावशीच्या पिंपात ओतले. माथ्यावर एप्रिलात पाण्याची ओढाताण असते, म्हणून तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत.

खेडच्या बाजूला घाट उतरताना मी पिकअपमध्ये बसून खिडकीतून ओरडत होतो, "हळू चालवा, वळणावर हळू!" पुढे लाल गाडी एकेका वळणाआड जात होती आणि बायकोचा पदर तेवढा मागे फडफडताना दिसत होता.

"शेठ, त्यांना ऐकू जात नाय," मेस्त्री म्हणाला.

"माहीत आहे. तू जरा दाब की."