नानांनी शिकवलेल्या खुणा

नाना गेले असा फोन आला, तेव्हा मी आधी उलटा फोन लावून खात्री करून घेतली. ही सवय त्यांचीच. नाना माझे मोठे काका. लिंबायतमधल्या एका कापड कारखान्यात त्यांनी जन्मभर माग चालवले आणि जन्मभर कुणावर चटकन विश्वास म्हणून ठेवला नाही. भाजीवाल्याने आपण होऊन कोथिंबीर घातली, तर नाना पिशवी रिकामी करून एकेक वांगं फिरवून बघत. रोजच्या रिक्षावाल्यालाही रोज विचारत, "कुठून नेणार?" डॉक्टर "काळजी नको" म्हणाले की यांची काळजी सुरू.

अशा माणसाकडे मी विषय मागायला गेले! युनिव्हर्सिटीत भाषेच्या वर्गात प्रत्येकाने स्वतः विषय निवडून प्रेझेंटेशन द्यायचं होतं. मॅडमनी माझे दोन विषय "हे सगळेच करतात" म्हणून परत पाठवले होते. मग मला नानांचा कारखाना आठवला. तिथे मागांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, डुलकी घेऊ नकोस, सेठ येतोय... सगळं हातांनी. आवाज नसलेली भाषा! मॅडमना विषय एकदम पसंत पडला. नानांनी मात्र हातातला चहा खाली ठेवला.

"तुन्हा वर्गमा कोन कोन शे? कोना बापना कारखाना शे का?"

होता. पर्वत पाटियाकडून येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचे माग होते, आणि मी ते भाबडेपणाने सांगूनही टाकलं. सेठला न कळणारी तेवढी एकच गोष्ट त्या लोकांकडे होती आणि ती मी भर वर्गात उघडी करायला निघाले होते. हे मला तेव्हा कुठे कळलं, पण विषयाचा मोह सुटत नव्हता. चार दिवस त्यांनी मला टाळलं. पाचव्या दिवशी स्वतःच हाक मारली आणि शिकवायला बसले. कोपराला दोन बोटं लावली की चहा. कान धरला की सेठ. पालथा हात गालावर म्हणजे धागा तुटला. मी चुकले की रागावून पुन्हा करायला लावत. प्रेझेंटेशन छान झालं. त्या मुलाने सगळ्या खुणा लिहून घेतल्या, हे मी घरी भीत भीत सांगितलं.

"लिही लिधं?" असं म्हणून नाना चक्क हसले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. शेवटचे महिने नाना माझ्याशी त्याच खुणांनी बोलत. काकूंना काही कळत नसे, मी मध्ये बसून सांगायची. नर्सबाई आल्या की ते हळूच कान धरत आणि मला हसू आवरत नसे.

दहाव्याला त्यांच्या शेजारच्या मागावरचे सुकदेवआबा आले होते. गर्दीतून मी त्यांना कोपराला दोन बोटं लावून चहाचं विचारलं. आबा नुसते बघत राहिले. मी कान धरून दाखवला, गालावर हात ठेवून दाखवला. काहीच ओळख पटेना. मग ते हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. "पोरी, असं आम्ही कोनीच नही करतस..."

एकूण एक खूण खोटी! खऱ्या कोणत्या, असं मी विचारलं, तर आबांनी दोन्ही हात खिशात घातले.

मला आधी राग आला, खूप आला. माझं प्रेझेंटेशन, मॅडमची शाबासकी, सगळं थापांवर उभं होतं. मग एकेक दिवस आठवत गेला. मला फसवायला रचलेलं ते सगळं नानांनी पाठ ठेवलं होतं, आणि बोलता येईनासं झालं तेव्हा माझ्याशी एकदाही न चुकता तेच वापरलं होतं. ती भाषा आम्हा दोघांखेरीज कुणाचीच नव्हती.

परवा काकूंकडे गेले होते. बोलता बोलता माझी दोन बोटं आपोआप कोपराकडे गेली. काकूंनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"हात दुखी ऱ्हायना का वं?"