बसून ऐकायचा बँड

बँड लागला की नाचायचं नसतं, एवढं नववीच्या पोरांच्या डोक्यात घालायला मला आठवडा लागला. आमच्या पलूसकडं बँड म्हणजे वरात. बँडपुढं जो नाचत नाही त्याला लोक बाजूला घेऊन विचारतात, तब्येत बरी नाही का? आणि मी वर्गात सांगत होते की सांगलीच्या नाट्यगृहात जायचं, खुर्चीवर बसायचं आणि बँड ऐकायचा.

"मॅडम, नाचायचं न्हाई तर मग करायचं काय?"

"ऐकायचं."

"नुस्तं?"

"नुस्तं."

पंगतीला बसवून मी नुसता वास घ्यायला सांगतेय, अशा नजरेनं सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. शिट्टी नाही, फर्माइश नाही, कुरकुरे नाहीत, मधेच उठून पाण्याला जाणं नाही. वाजवणाऱ्यानं वाद्य खाली घेतलं की मगच टाळ्या. मोबाइलवर गाणं लावून तालीमही घेतली, त्यात मागच्या बाकावरचे दोघं नाचलेच. डोकं फिरलं माझं. चित्रकलेच्या बाईच्या गळ्यात हे काम कशाला, असं मुख्याध्यापकांना विचारलं, तर म्हणाले, "कलेचंच आहे की."

तरी मी इतकी हट्टाला पेटले होते ती वर्गातल्या एका मुलीमुळं. ती कुंडलहून यायची. आम्ही ऐकायला जाणार होतो त्याच बँडमध्ये तिचे वडील क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत भर उन्हात, चालत, नाचणाऱ्यांचे धक्के खात. सांगलीतल्या एका मंडळानं पहिल्यांदाच त्या बँडला स्टेजवर बोलावलं होतं, आणि ऐकायला आसपासच्या शाळांची मुलं. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडं आली.

"मॅडम, आप्पा यमन वाजवणार हायत. घरी रोज वाजवत्यात. पर भाइर कुनी पुरता ऐकलाच न्हाई. सुरू केला की मानसं म्हनत्यात, आप्पा, नाचायचं काढा. आपली पोरं दंगा करायची न्हाईत न्हवं?"

"नाही करणार," मी म्हटलं. म्हणून बसले, आणि पुढच्या तासाला पुन्हा तालीम घेतली.

पोरांनी दंगा केला नाही. मोठ्यांनी केला.

लाल कोट घातलेला बँड स्टेजवर खुर्च्यांवर बसला होता. पहिली दोन गाणी झाली. पोरांचे पाय खुर्चीखाली हलत होते, पण कुणी जागचं उठलं नाही. मग आप्पांनी यमन सुरू केला. सावकाश, एकेक सूर जोखत. तालमीत नाचलेले ते दोघंसुद्धा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. पुढच्या रांगेत मंडळाचे एक गृहस्थ मात्र फोनवर, "हां, कार्यक्रमात हाय, बोल की," असं अख्ख्या सभागृहाला सांगत होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि प्रमुख पाहुणे आले. तासभर उशिरा, सोबत दहाबारा माणसं. मंडळाचे सेक्रेटरी लगबगीनं स्टेजवर चढले आणि त्यांनी हात वर केला. झालं. लग्नात मांडवातून कुणीही हात वर केला की बँडनं थांबायचं असतं, मंगलाष्टकं असतात. त्या सवयीनं सगळी वाद्यं एका झटक्यात बंद पडली. आप्पांचा सूर मधेच तुटला.

मग सत्कार. शाल, नारळ, फेटा. पाहुण्यांचा झाला, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा झाला, आणि ज्यांनी हे सगळे सत्कार केले त्यांचाही झाला. फेटे बांधणारा माणूस घामाघूम. त्यावर पाहुण्यांचं भाषण, विषय मुलांची शिस्त. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. सांगून सांगून गप्प बसवलेली माझी पोरं तशीच गप्प होती, आणि मला त्यांची कीव येत होती. शेवटी सेक्रेटरी माइकवर आले. "वेळेअभावी आता आभार मानून राष्ट्रगीत घेऊ."

ती मुलगी ताडकन उभी राहिली.

"आवं, आप्पांचं ऱ्हायलंय की!"

सगळे मागं वळून बघायला लागले. "मॅडम, पोरांना जरा वळण लावा," सेक्रेटरी माइकवरूनच मला म्हणाले. आठवडाभराची चिडचिड एकदम उसळून आली. मीही उभी राहिले.

"वळण लावूनच आणलंय. ती खरं बोलतेय, त्यांचं राहिलंय."

पाहुणे हसले. "असू द्या, असू द्या. वाजवा हो दोन मिनिटं. मला शिरवळ गाठायचंय."

आप्पा उठले. क्लॅरिनेट काखेत धरून त्यांनी हात जोडले.

"सायेब, तुमी निवांत निघा. तुमी गेल्यावर वाजवतो. ह्यो दोन मिनिटांचा न्हाई."

पाहुणे निघाले, त्यांच्यामागं पुढच्या दोन रांगा निघाल्या, सेक्रेटरी गाडीपर्यंत पोचवायला पळाले. दार बंद झालं. आप्पा पुन्हा खुर्चीवर बसले, माझ्या पोरांकडं एकवार बघितलं आणि पहिल्या सुरापासून सुरुवात केली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला रागच आला, कारण समोरचं नीट दिसेना. ती मुलगी अजून उभीच होती. "बस गं," मी हळूच म्हटलं.

"न्हाई मॅडम," ती वळून न बघता म्हणाली. "आप्पा बसून वाजवत्यात, बगा की."