कडकताईने कलप सोडला

कडकताईचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. एकाआड एक रविवारी सुट्टी असूनसुद्धा पावणेचारलाच. त्या दिवशी ती न्हाणीघरात स्टूल टाकून बसायची, जुन्या टूथब्रशने वाटीतला कलप डोक्याला फासायची आणि घर उठायच्या आत सगळं धुऊन टाकायची. नवऱ्याला माहीत होतं, मुलीला माहीत होतं, शेजारणीला वासावरून माहीत होतं. तरी लपवायचं म्हणजे रीतसर लपवायचं, असा तिचा खाक्या.

आम्ही दोघं एकाच धुलाई कारखान्यात होतो. दोन मोठ्या इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. मी बॉयलर आणि पाइप सांभाळायचो, ती दोन नंबरच्या रोलरवर. रोलर म्हणजे आतून वाफेने तापलेला, दोन माणसांच्या लांबीचा आडवा लोखंडी रूळ. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, काठ ताणायचा आणि एकदम आत सोडायचा. पलीकडून चादर इस्त्री होऊन बाहेर येते. ऐकायला सोपं आहे. काठ बोटभर वाकडा गेला तर चादर सुरकुतते, दोन बोटं गेला तर अडकते, आणि हात वेळेवर सुटला नाही तर काय होतं ते तिच्या डाव्या करंगळीवर दिसायचं. तासाला अडीचशे चादरी. अठरा वर्षं. तिच्या चादरी पुठ्ठ्यासारख्या कडक यायच्या आणि बोलणंही तसंच, म्हणून कडकताई. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

कलप ती हौसेने लावत नव्हती. तिचे केस तिशीतच पिकायला लागले होते आणि तेव्हा तिला फिकीर नव्हती. फिकीर नव्या साहेबांनी आणली. त्यांनी आल्या आल्या नियम काढला की वयस्कर बायकांनी रोलरवर उभं राहायचं नाही, घडीच्या टेबलावर जायचं. टेबलाचा पगार कमी. वय फाइलमध्ये होतं, पण फाइल उघडायला उठावं लागतं. केस खुर्चीतूनही दिसतात. साहेब केस बघायचे. पहिल्या महिन्यात तीन जणी टेबलावर गेल्या. त्यातली एक चाळिशीची होती. साहेबांच्या स्वतःच्या मिशा बुटाच्या पॉलिशसारख्या चमकायच्या, पण त्या मिशांना कोणी टेबलावर पाठवलं नाही.

म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कडकताईचे केस कोळशासारखे काळे होते.

एका मंगळवारी इस्पितळातून चाळीस चादरी परत आल्या. पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपके, मसुराच्या दाण्याएवढे. साहेबांनी मला बोलावलं.

"हा गंज आहे. तुमच्या पाइपातला."

"धुण्याच्या पाण्यातून येत असेल तर बघतो," मी म्हणालो. "वाफेतून येणार नाही. वाफ रोलरच्या आत असते, चादर बाहेर असते. दोघांची भेट होत नाही."

"आधी पाण्याची लाइन उघडा. मग वाफेची उघडा."

तीन दिवस पाळी संपल्यावर मी पाण्याची लाइन उघडत होतो. जाळ्या काढल्या, घासल्या, पाइपाच्या वळणाचे दोन कोपर बदलले. गंज होता, पण जाळीच्या अलीकडे. पलीकडे एक कणही नाही. शुक्रवारी मी परत आलेल्या चादरी जमिनीवर पसरल्या आणि गुडघ्यांवर बसून बघितल्या. सगळे ठिपके एकाच बाजूला, काठापासून हातभर अंतरात. गंज असा शिस्तीत पडत नाही. मी उठून रोलरसमोर जाऊन उभा राहिलो. डावं टोक कडकताईच्या हातात होतं. वाफेने आणि मेहनतीने ती निथळत होती. कानशिलावरून घामाचा एक थेंब उतरला, हनुवटीवर थांबला आणि चादरीवर पडला. थेंब तपकिरी होता. पुढच्या क्षणी चादर आत गेली आणि तापल्या लोखंडाने डाग कायमचा पक्का केला.

चहाच्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं.

"ताई, गंज सापडला."

"कुठे?"

"तुमच्या डोक्यात."

ती लाल झाली. मग म्हणाली, "भाऊ, तोंड सांभाळा." मग आणखी हळू, "कोणाला बोललात?"

"नाही."

"दोन दिवस द्या. हा कलप गेला तर रोलर गेला माझा."

मी गप्प राहायचं कबूल केलं. शनिवारी ती डोक्याला प्लास्टिकची पिशवी आवळून, वर रुमाल बांधून आली. तासाभरात पिशवीत घामाचं तळं साचलं. तिने चादर उचलायला मान वाकवली आणि सगळं तळं एकदम ओतलं गेलं. तिची जोडीदारीण, जिला आम्ही लंबू म्हणायचो, ओरडली, "अगं ताई, तू रडतेस की गळतेस?"

ती चादर कडकताईने गुपचूप फडक्यांच्या ढिगात कोंबली.

त्याच संध्याकाळी साहेबांनी फर्मावलं, दोन नंबरची वाफेची लाइन उघडा. कारण सांगायची सोय नव्हती. उघडली. बघायला काही नव्हतं, हे उघडायच्या आधीच माहीत होतं. परत जोडली. असलं फुकटचं काम माझे हात नीट करत नाहीत, हे मी पुढे तीन दिवसांनी शिकलो.

सोमवारी सकाळी ती रोलरपाशी आली तर खाली माझे नट खोलायचे पाने पडलेले.

"हे काय?"

"शनिवारी लाइन उघडली. चार तास गेले. साहेबांचा हुकूम."

"तुम्हाला तर माहीत होतं ना काही सापडणार नाही?"

"होतं."

"मग चार तास कशाला मेलात?"

"तुम्ही दोन दिवस मागितले होते."

ती तशीच वळली आणि साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, आवाज सगळ्या हॉलभर.

"साहेब, पाइप फोडणं बंद करा. डाग माझे आहेत. कलपाचे. आजपासून कलप बंद."

साहेबांनी पहिल्यांदाच तिचे केस नीट बघितले असावेत. "बाई, मग वय काय तुमचं?"

"कालच्याएवढंच."

"केस पांढरे होणार म्हणजे टेबल. नियम आहे."

"चादर मी हातांनी धरते, साहेब. केसांनी धरत नाही."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. साहेबांना ते झोंबलं. ते घड्याळ घेऊन बाहेर आले. "ठीक आहे. उद्या सकाळी एक तास. अडीचशे झाल्या तर रोलर. एक जरी कमी झाली तर टेबल, आणि परत बोलायचं नाही."

"चालेल," ती म्हणाली.

मंगळवारी सगळा कारखाना कामाचं ढोंग करत बघत होता. कडकताई आणि लंबूचं एकच चालू होतं. उचल, ताण, सोड. पंधरा मिनिटांनी पलीकडून आरोळी आली की चादरी ओलसर येतायत. ओलसर चादर चालत नाही. रोलरचा वेग कमी करावा लागला. तिने दात आवळले आणि दोन चादरींमधलं अंतर कमी केलं, इतकं की लंबूची दमछाक झाली. मी हे काम तीस वर्षं बघितलंय. त्या तासात एकही काठ वाकडा गेला नाही.

आकडा आला दोनशे अठ्ठेचाळीस.

साहेब म्हणाले, "टेबल." कडकताईने हातातला रुमाल झटकला, घडी घातली आणि ती टेबलाकडे चालत गेली. लंबू मात्र बसून रडायला लागली, जणू तिचंच काही गेलं.

मला चादरी ओलसर आल्याचं खटकलं होतं. बॉयलरवरचा काटा जागेवर होता, म्हणजे वाफ निघत होती. मी लाइनच्या कडेने चालत गेलो. दोन नंबरच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहे. तो सात फेरे उघडायचा असतो. शनिवारी मी पाच दिले होते. उरलेले दोन कंटाळ्याने विसरलो होतो. सोमवारी इस्पितळाचं काम थोडं होतं, वेग कमी, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दोन फेरे दिले आणि तसाच काळ्या हातांनी साहेबांकडे गेलो.

"तिचा तास धरू नका. वाफ कमी होती. चूक माझी आहे."

"तुम्ही तिला वाचवताय."

"साहेब, तीस वर्षांत मी स्वतःची चूक पहिल्यांदा सांगतोय. ती खोटी कशाला सांगू?"

त्यांनी मला लेखी ताकीद दिली. बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी परत तास लावला. या वेळी ते स्वतः पलीकडे उभे राहून चादरींना हात लावून बघत होते. दोनशे एकसष्ट. शेवटच्या चादरीला कडकताई म्हणाली, "साहेब, बोट मागे घ्या, भाजेल." त्यांनी बोट मागे घेतलं आणि ते खोलीत गेले. नियम कोणी रद्द केला नाही, पण त्यानंतर कोणाला केसांवरून टेबलावर पाठवलं नाही. आधी गेलेल्या तिघींपैकी दोघी भांडून परत आल्या. तिसरी म्हणाली, मला टेबलच बरं, बसता येतं. तिचंही खरं.

खरी गंमत पुढे. कमरेपर्यंतचा केस मुळापासून पांढरा व्हायला वर्षं लागतात. कापायला ती तयार नव्हती. "रोलर सोडला नाही, केस कशाला सोडू?" दुसऱ्या महिन्यात भांगात असा पट्टा उमटला की लंबू तिच्यामागे चालताना गाडीचा हॉर्न वाजवल्यासारखं करायची. सहाव्या महिन्यात डोकं वरून म्हातारं आणि खालून तरुण. मुलगी मोबाइलच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणी विचारतात, तू आजारी आहेस का."

"सांग, बरी झाले."

नवरा बस चालवायचा आणि कलप लावायचा. त्याला जास्त त्रास झाला. एकदा जेवताना म्हणाला, "अगं, लोक मला तुझा मुलगा समजतील."

"मग आई म्हणा आणि ताट उचला."

त्याने ताट उचललं. कलप मात्र सोडला नाही. तिने त्याला कधी सोड म्हटलंही नाही. तुमचं डोकं, तुमचं स्टिअरिंग, एवढंच.

मधल्या काळात ती डगमगली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठव्या महिन्यात एका घरगुती समारंभाच्या आधी तिने कलपाची पुडी विकत आणली. वाटीत कालवलीसुद्धा. मग म्हणे तिला चाळीस चादरी आठवल्या आणि तिने वाटी मोरीत ओतली. मोरीला महिनाभर डाग होता. नवरा तो बघून हसायचा, तेही आरशासमोर उभा राहून, स्वतःच्या डोक्याला ब्रश लावताना.

साडेचार वर्षांनी शेवटचा काळा टोकाचा भाग तिने कात्रीने कापला. तोवर सगळ्यांना सवय झाली होती. कोणी काही म्हणालं नाही. त्याचं तिला जरा वाईट वाटलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ती दोन नंबरवर होती. निवृत्तीला तिच्या चादरी पहिल्या दिवसाइतक्याच कडक येत होत्या. हे मी हात लावून बघितलंय. टेबलाच्या पगारावर जे वरचं मिळायचं, ते ती दर महिन्याला बाजूला ठेवत गेली होती. नवऱ्याला वाटलं, छपराला लागेल. मुलीला वाटलं, सोफा येईल. तिने पालिकेच्या तलावात पोहायला शिकायचं ठरवलं.

"या वयात?" नवरा म्हणाला.

"गेल्या वयात वेळ नव्हता. आणि अठ्ठावीस वर्षं वाफेत उभी होते. आता गार पाण्यात आडवी होणार."

मी एकदा बघायला गेलो. हात चांगले मारते, सरळ, ताणून. पाय आळशी आहेत. मी काठावरून तसं सांगितलं. ती पाण्यातूनच म्हणाली, "भाऊ, तुमची पाळी संपली. घरी जा."

पायांबद्दल माझं म्हणणं कायम आहे. पण पूर्ण बाह्यांचा निळा पोशाख, शिकवणारीची फी आणि पुढच्या तीन वर्षांचा पास, सगळं रोलरच्या पगारातून आलं.