चक्रवर्तीची गजगती

वाचनालयाच्या फळ्यासमोर थबकणाऱ्या सुजनहो,

आज सकाळी परभणीच्या गुरांच्या दवाखान्यात माझ्या विद्वत्तेची तपासणी झाली. निमित्त माझा श्वान चक्रवर्ती. पिता धरणावरच्या साहेबांचा अल्सेशियन, माता आपल्या वालूरची गावठी.

'संकरित प्रजा निर्व्याधी असते,' असा सिद्धान्त मी याच फळ्यावर मांडला होता आणि निम्म्या गावाला त्याची पिल्ले कबूल केली होती.

मेंढपाळ किसनराव तेव्हाच म्हणाले होते, "गुरुजी, कुत्रं मागून लय डुलायलंय. खुबा दुखत आसंल."

"किसनराव, या चालीस गजगती म्हणतात," मी उत्तरलो.

आज डॉक्टरांनी त्याचा मागचा पाय हळूच फिरवला. खुब्यात कट्‌कन वाजले. चक्रवर्तीने फक्त माझा हात चाटला.

"खुब्याची खोबण उथळ आहे. बापाकडून आलं असावं. आई गावठी म्हणून धोका टळत नाही. वजन उतरवा, उड्या बंद करा आणि याची पिल्लं होऊ देऊ नका."

म्हणजे हा महात्मा रोज दुखऱ्या पायांनी मला शाळेपर्यंत पोचवत होता आणि मी त्याच्या वेदनेवर व्याख्यान देत होतो!

परतताना मी त्याला उचलून एस.टी.त चढवले. कंडक्टर हसला. माझी छाती मात्र अशा सोबत्याच्या अभिमानाने फुगलेलीच होती.

सबब, पिल्लांची आश्वासने रद्द, अभिमान कायम. किसनराव, आपल्या दृष्टीस साष्टांग दंडवत.

उद्यापासून शाळेपर्यंत न येता पारावरूनच परत फिरावे, हे चक्रवर्तीला आपल्यापैकी कोण समजावणार?