गर्दी ओसरली की जाऊ

सिनेमा पाहणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. सिनेमाबद्दल लोक काय बोलतात ते वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि दिवसभर ते वाचल्यावर सिनेमा पाहायची इच्छाच मरते. दिवसभर कांदे निवडणाऱ्या बाईला घरी गेल्यावर कांदाभजी नको वाटावी, तसंच.

मुंबईतलं एक संकेतस्थळ दर बुधवारी चर्चेतल्या दहा सिनेमांची यादी काढतं. लोक इंटरनेटवर कोणत्या सिनेमाबद्दल किती बोलतात, त्यावरून नंबर लागतात. मोजायचं काम मशीन करतं. मशीनला जिथे शंका येते, तेवढं माझ्याकडे, पंचवटीतल्या माझ्या घरी, लॅपटॉपवर येतं. ‘काय फाडलंय’ असं कोणी लिहिलं तर ते सिनेमाबद्दल आहे की थिएटरातल्या खुर्चीबद्दल, हे मशीनला कळत नाही. मला कळतं, असं मानून मला पगार मिळतो. सिनेमा चांगला की वाईट याच्याशी आमचं देणंघेणं नसतं. शिव्या पडल्या तरी नंबर वर जातो. फक्त गप्प बसलेलं चालत नाही. सुरुवातीला या सगळ्याची मला चीड यायची. आता चीड यायचेही कष्ट होतात.

तर यंदा त्या यादीशी माझ्या धाकट्या भावाची गाठ पडली. दुसऱ्यांच्या हाताखाली मुंबईत अर्धं आयुष्य घालवून शेवटी त्याने स्वतःचा सिनेमा केला. बागलाणातल्या एका गावात पिठाची चक्की चालवणाऱ्या दोन जावांची गोष्ट. सगळं चित्रीकरण सटाण्याला, आमच्या मावशीच्या अंगणात आणि आसपास झालं. मावशीने अख्ख्या टोळीला महिनाभर पिठलं-भाकरी खाऊ घातली. सिनेमात नाव आलं तर स्वयंपाकाखाली नको, मोठ्या अक्षरात वेगळं द्या, असं तिने बजावलंही होतं.

सिनेमा लागला. नाशिकमध्ये त्याला एकच शो मिळाला, तोही भर दुपारचा, ज्या वेळी माणसं जेवून आडवी होतात. वितरकाने भावाला स्पष्ट सांगितलं होतं: बुधवारच्या यादीत पहिल्या दहात आलात तर हा शो दुसऱ्या आठवड्यात राहील, नाहीतर शुक्रवारपासून ती वेळ दुसऱ्याला. नाशिकचा शो गेला की बाकीच्या गावांतले जाणारच होते. म्हणजे इतक्या वर्षांची त्याची मेहनत एका आठवड्यात गुंडाळली जायची.

तो आठवडाभर माझ्याकडेच उतरला होता. रोज दुपारी माझी स्कूटर घेऊन थिएटरवर जायचा आणि पार्किंगपाशी उभा राहून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघायचा. परत आला की हातपाय धुऊन मुकाट्याने चहा प्यायचा. यादीचं काम मी करते हे त्याला पक्कं माहीत होतं, पण त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर निदान भांडता आलं असतं. त्याच्या त्या गप्प बसण्याने मी जास्त थकले.

मावशी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामगिरी वाटून दिली. ‘अप्रतिम! हृदयस्पर्शी! प्रत्येक मराठी माणसाने सहकुटुंब पाहावा असा चित्रपट,’ एवढा मजकूर, पुढे जोडलेले हात, झेंडूची फुलं, आणि खाली सूचना: ‘वरील मजकूर कॉपी करून सर्वांनी जिथे जागा मिळेल तिथे टाकावा.’ आमचं घराणं असल्या बाबतीत भारी आज्ञाधारक. सटाण्याचे मामा, येवल्याची पैठणीवाली आतेबहीण, रामकुंडावर पूजा सांगणारा चुलतभाऊ, त्यांच्या सुना, व्याही, सगळे कामाला लागले. त्यांनी मजकूर जसाच्या तसा टाकला, झेंडूसकट. बऱ्याच जणांनी खालची सूचनाही टाकली. मामांनी तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी मारधाडीच्या सिनेमाखाली चिकटवला.

मंगळवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर पडदाभर झेंडूच झेंडू. मशीनने सगळ्यांना एका फटक्यात संशयित ठरवलं होतं. एकच मजकूर इतक्या नावांनी आला म्हणजे पैसे देऊन लिहून घेतलेला, असा आमचा नियम. तशा सगळ्या मालाचं मिळून एकच मत धरायचं. मी एकेक नाव वाचत गेले. यातल्या निम्म्या लोकांच्या लग्नांत मी जेवले होते. पैसे घेऊन लिहिणं सोडाच, यांतले काही जण मोबाइलचा रिचार्जसुद्धा मुलाकडून करून घेतात.

त्याच आठवड्यात एक मोठा हिंदी सिनेमा लागला होता. त्याच्याखालची मतं काय नटवलेली होती! एकाची आजी रडली, एकाचं पॉपकॉर्न सांडलं, एकाने मुद्दाम दोन चुका करून लिहिलं होतं. इतकी वर्षं हेच वाचून माझं नाक तयार झालंय. भाड्याने लिहिलेलं मला वासावरून कळतं. पण प्रत्येक मत निराळं होतं, त्यामुळे नियमात बसत होतं. ती सगळी खरी ठरली आणि माझे मामा खोटे.

मी मुंबईला फोन लावला. तिथला आमचा साहेब म्हणजे पोरगाच आहे, मला मॅडम म्हणतो.

“ही खरी माणसं आहेत,” मी म्हटलं.

“कशावरून, मॅडम?”

“मी ओळखते ना त्यांना. माझे नातेवाईक आहेत.”

तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, मग तर अजिबातच नको.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मी सगळ्यांचं मिळून एक मत धरलं आणि पुढच्या सिनेमाकडे वळले. बुधवारी यादी आली. भावाचा सिनेमा पहिल्या दहात सोडाच, आसपासही नव्हता. संध्याकाळी वितरकाचा फोन आला. भाऊ गॅलरीत जाऊन ‘हो, हो, ठीक आहे’ एवढंच म्हणत राहिला.

त्यानंतर मावशीचा फोन. आपला मजकूर धरला गेला नाही एवढं तिला कुठून तरी कळलं होतं, आणि ‘आहे’ला ‘शे’ म्हणणाऱ्या आपल्या बागलाणी बोलीत तिने मला धरलं.

“काय गं बाई, आपला पोऱ्या शे ना तो! आणि आम्ही एवढं लिहिलं ते तू कचऱ्यात टाकलं?”

“सगळ्यांनी एकच लिहिलंत, मावशी. नियम आहे तसा.”

“मग काय वेगवेगळं लिहायचं व्हतं? सगळ्यांचं मत एकच शे तर?”

वैतागून मी विचारलं, “बरं, तुला कसा वाटला ते सांग. तुझं अंगण चांगलं दिसलं का?”

“अगं, बघायचा शे अजून.”

“म्हणजे? तुम्ही कोणीच पाहिला नाही?”

“पहिल्या आठवड्यात लय गर्दी राहते ना. ग्रुपवर बघ ना, जो तो अप्रतिम अप्रतिम बोलून राहिला. मी म्हटलं, बाहेरच्या लोकांना बघू द्या आधी, आपला काय घरचाच शे. गर्दी ओसरली की जाऊ सगळे. मामाने जीप पण सांगून ठेवली पुढच्या आठवड्याची.”

मला हसावं की रडावं कळेना. आपणच टाकलेली फुलं मोजून या लोकांनी थिएटरात गर्दी आहे असं ठरवलं होतं, आणि परक्यांची सोय व्हावी म्हणून मोठ्या मनाने घरी बसले होते. शुक्रवारपासून सिनेमाच नाही, हे मावशीला सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. तिने पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ती म्हणाली, “असं कसं काढतील? आम्ही यायचे शे ना अजून.”

तिला बोलायला मला तरी कुठे तोंड होतं? आठवडाभर तो सिनेमा रोज माझ्यासमोर होता. त्याच्याबद्दलचं प्रत्येक अक्षर मी वाचलं होतं, आणि वाचून वाचून तो पाहिल्यासारखाच वाटायला लागला होता. प्रत्यक्षात मी थिएटरची पायरीही चढले नव्हते.

गुरुवारी, शेवटच्या शोला, मी गेले. भाऊ आत आला नाही. पार्किंगपाशी रोजच्या जागी उभा राहिला. आत कोपऱ्यात एक जोडपं होतं, दोन कॉलेजच्या मुली होत्या आणि एक गृहस्थ जाहिराती संपायच्या आधीच झोपले. दिवे गेल्यावर मी सवयीने मनात कप्पे पाडायला लागले. हे कौतुकात जाईल, हे तक्रारीत. बऱ्याच वेळाने ते थांबलं. थोरली जाऊ जुनं वैर असल्यासारखी चक्कीचा पट्टा ओढते तिथे मला मोठ्याने हसू आलं, आणि माझ्या हसण्याने ते गृहस्थ जागे झाले. मध्यंतरानंतर मात्र मी दोनदा घड्याळ पाहिलं.

बाहेर आले तेव्हा ऊन तसंच होतं. भाऊ स्कूटरला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. आठवडाभराच्या कौतुकाला काय उत्तर द्यायचं हे त्याला आता पाठ झालं असावं, कारण मी तोंड उघडण्याआधीच तो “थँक यू, ताई” म्हणाला.

“कसलं थँक यू?” मी म्हटलं. “मध्यंतरानंतर लांबलाय तो. चक्की बंद पडते, मग धाकटी जाऊ नुसती बसून राहते. किती वेळ बसायचं माणसाने? मला कंटाळा आला.”

तो एकदम ताठ उभा राहिला. “नेमका कुठे आला?”

“ती दळण परत न्यायला आलेली बाई डबा उचलून जाते ना, त्यानंतर.”

“ती काहीच न बोलता जाते, तिथे?”

“तिथेच. ती गेली की संपवायचं होतंस.”

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. पार्किंगवाला आमच्याकडे बघायला लागला, पण भावाला त्याचं भान नव्हतं.

“आठवडाभर सगळं जग मला अप्रतिम म्हणतंय, ताई,” तो म्हणाला. “सिनेमा पाहिलेलं माणूस आज भेटलं. अजून कुठे कुठे कंटाळलीस, सांग ना.”